चाळीस रुपयांत नऊ

सहाला पोचलं तर ऊन चढायच्या आत चार भोकं होतात.
पाचव्यापासून टोपीखाली ओला पंचा.
होटगीकडच्या माळावरचं हे मैदान,
गवत म्हणाल तर श्रावणात महिनाभर,
एरवी कुसळं, मुरूम आणि बाभळी.
प्रत्येक बाभळीच्या पोटात माझा एकेक चेंडू आहे.

फाटकात मैनुद्दीन पावती फाडतो:
माणशी चाळीस, काठीला दहा,
चेंडू हरवला तर पंधरा,
सापडवून दिला तर त्याचे पाच.
आम्ही दोघांत तीन काठ्या घेतो.
राजमल्लू सिंगम मारतो आणि काठी माझ्याकडे देतो,
मूठ त्याच्या हाताने गरम झालेली.

एकतीस वर्षं तो यंत्रमागावर होता.
इंचात धागे किती, बोटाच्या पेराने सांगायचा.
इथेही तसंच.
लागलेला फटका एक.
नुसता वारा कापून गेलेला, एक.
काट्यांतून खरवडून काढलेला, तोही.
चेंडू जागचा हलला नाही, धूळ तेवढी उडाली,
"माझा सहावा," तो म्हणतो,
जसं काही कुणी विचारलं होतं.

मी जकात नाक्यावर होतो.
गाडीत ऐंशी पोती, पावतीवर साठ,
उरलेली वीस ताडपत्रीखाली विरघळायची
आणि संध्याकाळी कुणाकुणाच्या खिशात
नोटा होऊन उगवायची.
कुणाकुणाच्या म्हणजे, माझ्याही.
नाका बंद झाला, पत्र्याची शेड भंगारात गेली.
हाताचं वळण भंगारवाला घेत नाही.

चौथ्या भोकाला मी म्हणालो, "सहा."
होते आठ.
राजमल्लूने पावतीच्या पाठीवर पेन्सिलने सहा लिहिले,
मान खाली ठेवून,
आणि पेन्सिल पुन्हा कानावर.

इथे हिरवळ नाही.
भोकाभोवती वाळू, गाडीचं जळकं तेल ओतून
काळी करून बसवलेली.
खेळून झालं की मागच्यासाठी पावलं पुसायची,
त्याला एक चादर आहे, दोरी बांधून ओढायची.
सातव्याला राजमल्लू ओढता ओढता थांबला,
उकिडवा बसला.
"काय बघूलालास बे?"
"आमच्याच कारखान्यातली ही.
मोराच्या मानेत बघ, एक धागा नाय."
मला मोरच आधी दिसेना, तेलाने तो कावळा झालेला.
"असल्या एका चादरीला बारा रुपये कापायचे मजुरीतले."
"एका धाग्याला?"
"एका धाग्याला."
उठला, आणि ओढत राहिला,
आधी माझी पावलं, मग त्याची.

आठव्याला काही झालं नाही.
म्हणजे टिटवी ओरडत होती,
दूर रेल्वे फाटकाशी मालगाडी खोळंबली होती,
आणि माझे खरोखरच पाच झाले.
पाच म्हणताना जीभ अडखळली.
खरं आहे, हे कळवायची काही वेगळी रीत
आयुष्यात शिकलोच नव्हतो.

नवव्याला चेंडू भोकापासून वीतभर.
एवढ्यावर उचलायचा, दोस्तीत चालतं.
नाही उचलला.
मारला, काठावरून फिरून पलीकडे गेला.
परत मारला. परत तेच.
तिसऱ्याला आत पडला, टणत्कार करत,
भोक म्हणजे तुपाचा जुना डबा आहे.
"नऊ!" जरा मोठ्यानेच म्हणालो.
राजमल्लूने पहिल्यांदाच पावतीवरून वर बघितलं,
मग लिहिले. नऊ.

लिंबाखाली त्याने फडकं सोडलं,
कडक भाकरी, शेंगाची चटणी.
बेरीज केली: त्याचे एकसष्ट, माझे अठ्ठावन्न.
"जिंकलास बे. चहा माझ्याकडं."
"आणि तू मोजलेले किती?"
भाकरी मोडल्याचा आवाज झाला, कौल फुटावं तसा.
"ते लिहायचे नसतात," म्हणाला,
आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

चहाचे मी दिले. तो नको म्हणाला नाही.
पलीकडे मैनुद्दीन काठ्या मोजत होता:
तीन दिल्या, तीन आल्या.
माझ्याकडे एकदा बघून
त्याने त्या परत मोजल्या.