दम

मुरोरानला एप्रिलातही बर्फ असतो,
काळा पडलेला, गटारांच्या कडेनं.
धुक्याचा भोंगा बंदरावर हंबरत असतो
आणि माझा धाकटा भाऊ, तोमोनारी,
रॉकेलच्या स्टोव्हला पाय लावून
यादीतलं सगळ्यात जड हत्यार निवडतो.
दारापेक्षा रुंद तलवार.
तलवार कसली, रुळाचा तुकडा,
पोलादाच्या कारखान्यातून कुणी रात्री उचलून आणल्यासारखा.

माझ्याकडे दोन सुऱ्या.
आत शिरायचं, सहा वार, कोलांटी, पुन्हा सहा.
राक्षसाच्या अंगावरून आकडे उडतात
तव्यावरच्या लाह्यांसारखे.
छोटेच, पण पुष्कळ.

त्याचं तसं नाही.
त्याचा गडी आधी पाय रोवतो.
मग कंबर. मग खांदा.
मग ते धूड जमीन सोडतं,
अर्ध्यावर येतं,
आणि अर्ध्यावर आल्यावर
चुकलं हे कळूनही काही करता येत नाही.
उचललं ते उचललं.
राक्षस सरकला तर सरकला.
त्याची शेपटी येताना दिसते, नीट दिसते,
खवल्यांमधला चिखलसुद्धा दिसतो,
आणि मग ती लागते.

"सुऱ्या घे," मी एकदा म्हटलं, "नाहीतर भाला तरी."
तो म्हणाला, "न –"
मी म्हटलं, "नको? बरं."

आमच्याकडे हे असंच.
शब्द त्याच्या ओठांशी येऊन उभा राहतो,
मान किंचित मागे जाते, डोळे मिटतात,
तेवढ्यात कुणीतरी तो उचलून नेतं.
आई नेते. मी नेते.
याकितोरीवाले इवाकुमा काका तर
पहिल्या अक्षराला मोहरी पुढे सरकवतात.
कधी त्याला मोहरी नको असते.
तो खातो.

काल रात्री तळ्यावरचा तो आंधळा सरडा.
दोनदा मेलो होतो, तिसऱ्यांदा मेलो की घरी.
मी पडलेली, माझी हिरवी पट्टी संपलेली,
ह्या खेळात तिलाच दम म्हणतो आम्ही,
आणि तोमोनारी उघड्यावर उभा,
तलवार पाठीमागे ताणून,
समोर कुणीच नाही.
"कुठे मारतोयस? तो डावीकडे आहे! मार ना, आता मार!"
त्याचा अंगठा बटणावरून हलेना.
नखाखालचं रक्त सरकून पांढरं झालेलं.
सरडा वळला. धावत सुटला.
मी "गेलं" म्हणून कंट्रोलर मांडीवर टाकला,
आणि तोमोनारीनं हवेत, रिकाम्या हवेत,
तलवार सोडली.

हवा रिकामी होती ती तलवार निघताना.
पोहोचेपर्यंत तिथे सरड्याचं डोकं आलं होतं.

एकच आकडा.
मी तो कधी पाहिला नव्हता एवढा मोठा,
पडद्याच्या मधोमध, थोडा वेळ थांबलेला.

मग आम्ही दोघंही गप्प.
स्टोव्हवरची किटली तेवढी कुरकुरत होती.
तो माझ्याकडे वळला, तोंड उघडलं,
"तू –"
आणि माझ्या जिभेवर सहा वाक्यं धावून आली:
तू मूर्ख आहेस का, तू पाहिलंस ना,
तू घाबरलीस, तू रडतेयस की काय,
मी ओळखलंच होतं, हेच म्हणायचंय त्याला,
कुठलंही एक देऊन टाकावं, सुटेल बिचारा.

दात दाबून धरले.
त्याची मान मागे गेली. डोळे मिटले.
बंदरावर भोंगा एकदा झाला.
मी किटलीकडे पाहिलं, मग वाटलं बघू नये तसं,
परत त्याच्याकडे.
भोंगा दुसऱ्यांदा झाला.

"तू दर वेळी उजवीकडूनच शिरतेस," तो म्हणाला.
"म्हणून मरतेस."

हे माझ्या सहांत नव्हतं.