सरावाचा कागद

शालन मुचंडीकरचं पाकीट आलं
ओहायोहून, दाराच्या फटीत कोंबलेलं.
आत दोन पानी पत्र
आणि एक कागद, नुसत्या गोलांचा.
चार-चार गोल, ओळीखाली ओळ,
काही शिसानं काळे केलेले.

‘सर, आमच्या शाळेतली चित्रकलेची खोली गेली.
ड्रॉइंगच्या बाईंना एक ढकलगाडी दिलीय.
रंग, कात्र्या, पाण्याचे मग लादून
वर्गावर्गातनं फिरतात बिचाऱ्या,
गणपत गल्लीत लिंबांचा गाडा फिरतो तशा.
गाण्याच्या बाई मार्चपर्यंतच.
पियानोवर आता मुलं कोट टाकतात.
वाचन आणि गणित, गणित आणि वाचन,
दर शुक्रवारी सराव.
मी मदतनीस. पेन्सिलींना टोक काढते.
रंग गोलाबाहेर जाता कामा नये म्हणून ओरडते.
तुम्ही म्हणायचा,
जाऊ दे की गं बाहेर, हात सोड मोकळा.’

म्हणायचो खरा.
पण एलिमेंटरीच्या परीक्षेआधी
याच मुलीच्या बोटांवर
फुटपट्टी मारली होती मी, वाटोळं चुकलं म्हणून.
ते तिनं लिहिलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालचं तिचं पहिलं पत्र
शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं होतं मी.
तिकडं नंबर काढत नाहीत,
पोरं जमिनीवर लोळून बोटांनी रंगवतात,
खऱ्या माशाला शाई फासून ठसे घेतात.
हेडमास्तर अष्टेकर चहा ढवळत म्हणाले,
मग नोकऱ्या कशा लागतात हो त्यांना?
आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं.

आता माझ्याही खोलीत कॉम्प्युटर आहेत,
बारा, खोळ घातलेले. किल्ली ऑफिसात.
शाळेचा फलक तेवढा अजून माझाच.
तीनदा रंगवला,
दर खेपेला वरची लिपी खाली, खालची वर.

कागद घेऊन वडगावला गेलो,
तिच्या बापाकडं. भरमा मागावर होता.
खटखटाटात त्यानं तो उजेडाला धरला
आणि ओरडून विचारलं,
‘कुठल्या काठाचा हाय हो ह्यो?’
त्याला वाटलं जाकाटाचा पुठ्ठा.
काळं ते भोक, पांढरं ते कोरं.
अंगठा फिरवत ओळ न् ओळ वाचली त्यानं,
आयुष्यभर फुलं वाचत आलाय तशी.
‘नक्षी बसंना. ज्यानं काढलंय
त्येला काय विणायचंय त्येच ठावं न्हाई.’
मग अंगठा थांबला, तळाशी.
‘हितं बघा. हितं कोणतरी यालंय.’

शेपूट. कल्ला.
उत्तरांच्या शेवटच्या अकरा ओळी
कुणीतरी प्रश्न न वाचताच भरल्या होत्या.
पत्राच्या समासात, आडवं, बारीक अक्षर:
हा टायलरचा. शून्य मिळालं. फेकवेना.

‘बघतो,’ म्हणाला भरमा
आणि कागद कॅलेंडरमागं खोचला.
ऑर्डरी होत्या, लाईट जात होती,
मीही विसरलो.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी
सायकल दाराशी टेकवून आला.
वीतभर काठ, हिरव्यावर पिवळा.
मासा होता.
डोळ्याच्या जागी एक धागा तुटलेला,
म्हणून आंधळा.
पुन्हा विणू का म्हणाला. नको म्हटलं.

शालनला लिहायला बसलो,
त्या पोराला सांग,
आणि पुढं काय सांगायचं ते सुचेना.
तीन कागद फाडले.
शेवटी नुसता काठच घातला पाकिटात.

टपाल कचेरीत खिडकीतल्या माणसानं
पाकीट दाबून पाहिलं, कन्नडमध्ये विचारलं,
‘वळग एन ऐतरी?’
‘मीनु,’ म्हटलं मी.
त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
पाकिटाचा वास घेतला,
हसला,
आणि फॉर्मवर लिहिलं: कापड, नमुना.