दोनच धक्के

जहाज किती बुडालं यावरून
त्यात किती माल आहे ते सांगायचं, हे माझं काम.
सहा जागचे आकडे, पाण्याची घनता,
टाक्यांतलं पाणी, मग कोष्टकं,
मग एक आकडा, ज्यावर दोन्ही मालक गप्प बसतात.
बावीस वर्षं इतरांची वजनं काढतेय.
माझं डॉक्टर कारखानीसांनी काढलं, खांदा दाबून:
"बाई, शिडी सोडा, नाहीतर ती पिशवी."

शिडी कशी सोडणार?

म्हणून लॅमिंग्टन रोड.
छेडांच्या धाकट्याने काउंटरवर ठेवला,
पापडाला लाज वाटेल असा.
एका बोटावर तोलून दाखवला,
"नऊशे ऐंशी ग्रॅम. पंख्याखाली ठेवू नका, मॅडम."
मी सवयीने कडेने पाहिलं,
पाणरेषेशी डोळा लावून पाहतात तसं.
डावीकडे एक भोक, उजवीकडे एक.
"बाकीची कुठायत?"
"आता सगळं हवेतनं होतं."

हवेतनं.
हवेवर तर गलबतंही चालायची,
लागायची शेवटी धक्क्यालाच.
माझ्या जुन्याला नऊ बंदरं आहेत,
त्यातलं एक रुंद, दोन्ही कडांना स्क्रू,
जे कुणी वापरत नाही
आणि ज्याच्यावाचून एकदा माझं अडलं होतं.

घेतला. खोटं कशाला,
खांद्याने घेतला, सही माझी.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मांडलं:
तो, त्याचा चार्जर, वायरचं वेटोळं,
हब नावाचं पाच तोंडांचं पिल्लू, त्याची पाउच.
एक किलो सातशे.
जुना चार्जरसकट तीन.
तेराशे ग्रॅमचा फरक.
ओट्याशी उभं राहून बघितलं तर कांदे-बटाटे.
शिडीच्या अकराव्या पायरीवर,
खाली लाँच हातभर वर, हातभर खाली होत असताना,
"आले" असं ओरडण्याइतकी छातीत उरलेली हवा.

परवा खताचं जहाज, बाहेर नांगरावर.
चीफ ऑफिसर रेयेसने पेन ड्राइव्ह हातात ठेवला,
कोष्टकांची चारशे पानं, स्कॅन केलेली.
त्याचं तोंड रुंद, माझ्याची भोकं अरुंद.
हब? हब लाँचमध्ये,
डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली.

कठड्यावरून हसन तांडेलला हाका मारल्या.
वरून फेकदोर सुटला.
त्याने हब खारीच्या रिकाम्या पिशवीत घालून गाठ मारली,
बोटीला मारतात तशीच, दोनदा ओढून पाहिली.
तीस हजार टनांच्या जहाजाने
चाळीस ग्रॅम वर घेतले.
दोन खलाशी, एक शिट्टी.
रेयेस हसला नाही. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर
टेबलाला पट्ट्याने बांधलेला, धुण्याच्या मशीनएवढा.

मग एका धक्क्याला चार्जर,
दुसऱ्याला हब, आणि हबच्या कुशीला
खेटून उभे तराफे: पेन ड्राइव्ह, प्रिंटर.
केबिनमध्ये उकाडा. याला पंखा नाही,
म्हणून आवाज नाही, म्हणून कळत नाही
विचार करतोय की झोपलाय.
जुना धापा टाकायचा. आकडा द्यायचा.
याचा तळ हळूहळू तव्यासारखा झाला,
पान उलटायला कॉफीचा अर्धा कप.
गोल खिडकीतून मी नांगरलेली जहाजं मोजली. सात.
धक्का रिकामा व्हायची वाट बघत, पोट भरलेली.
पुन्हा मोजली. सातच.

आकडा आला. बरोबर आला.
कागद प्रिंटरने कुरकुरत दिला, रेयेसने शिक्का मारला.

खाली उतरले, तांडेलने हात दिला,
पिशवी स्वतःच घेतली, हलवून पाहिली.
"पटला का, बाई?"
"चढताना पटतो. वर गेलं की नाही.
आत्ता उतरलेय, आत्ता विचारू नकोस."
त्याने इंजिन चालू केलं, त्यात माझं पुढचं वाक्य गेलं.

जुना अजून कपाटाशेजारी चार्जिंगला असतो.
दर रविवारी चालू करते, पंखा ऐकते, बंद करते.
खांद्याला हे सांगितलेलं नाही.