शेरी नाल्याचं पाणी

सकाळी साडेसहाला नाल्यावर उतरले,
हातात दोरी बांधलेली बाटली,
पायांत भावाचे गमबूट.
म्हशी धुणारा एक जण ओरडला,
"ओ बाई, हितं काय मिळतंय?
सगळ्या सांगलीची घाण हाय ही."
म्हटलं, तीच पायजे.

त्याला कसं सांगू,
दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर
पायगोंडा मगदूम आहेत,
हळदपेठेत एकतीस वर्षं तोलाईदार.
पोत्यांची थप्पी कोसळली, नडगीत पट्टी बसवली,
आणि पट्टीच्या गुळगुळीत स्टीलवर
हिरवा पू घर करून राहिला.
गोडसर वास येतो त्याला,
तासगावच्या पेटीत तळाशी दबलेल्या घडासारखा.

रिपोर्ट मीच टाइप केला होता.
एकाखाली एक औषधांची नावं
आणि प्रत्येकापुढं तेच अक्षर.
दाद देत नाही.
दाद देत नाही.
शेवटचं एक उरलं होतं, ते किडनी मागत होतं.

शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या, विषाणू शोधू.
माणसाला न शिवणारा,
या एकाच जिवाणूच्या दाराची किल्ली असलेला.
पुण्याला पत्रं गेली, समितीचे अठ्ठावीस प्रश्न आले,
तोवर पायगोंडांचा ताप
पंख्याबरोबर गरगरत राहिला.

पाणी गाळलं. पुन्हा गाळलं,
इतक्या बारीक जाळीतून
की घाण अलीकडं राहते
आणि घाणीचे वैरी तेवढे पलीकडं जातात.
बशीत त्यांच्याच जखमेतले जिवाणू पेरले,
वर थेंब सोडला,
सदतीस अंशांवर ठेवून घरी गेले. झोप कसली.

सकाळी झाकण उचललं तर
दाट हिरवट सायीवर
गोल, स्वच्छ,
पलीकडची माझी बोटं दिसावीत अशी
अकरा भोकं.
मोजली. परत मोजली. मग स्टुलावर बसले.

दवाखान्याची मोरी त्याच नाल्याला मिळते.
म्हणजे त्यांच्या जखमेचं धुवण गेलं
आणि उतारा
त्याच वाटेनं माघारी आला.

सिस्टर म्हणाल्या, काट्यानं काटा काढायचा झाला हा.
पायगोंडांना काटा एकच ठाऊक,
तराजूच्या मधला.
"वजन किती ह्या औषधाचं?"
सांगितलं, या सिरिंजमध्ये हजार कोटी आहेत,
पण पेठेतला कुठलाच काटा त्यांनी हलायचा नाही.
"हजार कोटी," ते म्हणाले,
"आन् हमाली शून्य!"
ताप आल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

नवव्या दिवशी वास गेला.
तेराव्या दिवशी लाल, ओलसर, जिवंत मांस दिसलं,
त्यांच्या सुनेनं तोंड फिरवलं नाही.
विसाव्या दिवशी पट्टीच्या कडेला
पुन्हा हिरवी छटा.
जिवाणूनं कुलूप बदललं होतं.
कुणी काही बोललं नाही.
मी गमबूट शोधले.

म्हशीवाला आता ओळखतो.
"मागच्या टायमाला घावलं काय?"
घावलं होतं, म्हटलं. अजून एक पायजे,
दुसऱ्या जातीचं.
त्यानं म्हैस बाजूला ओढली
आणि जिथं पाणी सगळ्यात काळं होतं
तिकडं बोट दाखवलं.