ठोका

शाळेच्या कुंपणाची भिंत, एकशे दहा फूट,
महापालिकेनं पांढरी करून दिली
आणि म्हणाली, हिच्यावर तुमचा वारसा लावा.
चित्र आधीच ठरून आलं होतं:
कळस, घाटाच्या पायऱ्या, द्राक्षांचे दोन घड.
तांबट आळीत कुणाच्या परसात द्राक्षं होती
हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मी घमेलं घेऊन दारोदार हिंडले.
फुटकं द्या, म्हटलं, टिचकं द्या.
"फुटकं घरात ठेवतंय कोण, बाई?"
दुसऱ्या दिवशी बशा निघाल्या,
कानतुटके कप, मोरीच्या निळ्या फरश्या,
रशीदाबींच्या लोणच्याच्या बरणीचं बूड,
आणि कुणाच्या देवघरातली एक टाइल,
जिच्यावर लक्ष्मीचा एकच हात उरलेला.
तो हात फोडायला कुणी धजेना.
शेवटी अख्खाच बसवला पायरीवर,
पाण्यात काही सोडतोय असा.

भांडण झालं ते रहाडीवरून.
रंगपंचमीला माती उकरून, फळ्या काढून जी उघडते
आणि बाकी वर्षभर
जिच्या डोक्यावरून रिक्षा जातात,
तिचं पाणी कोणत्या रंगाचं दाखवायचं?
केशरी. छे, पिवळं. अहो, माझ्या आजोबांनी स्वतः उकळलंय, पिवळंच.
शफीक मिस्त्रीनं तोवर सिमेंट कालवलं होतं.
सिमेंट कुणाच्या आजोबांसाठी थांबत नाही.
हाताला आलं ते लागलं.
आता रहाडीत
बशीवरचं एक गुलाबी फूल पोहतं.

तांबं मात्र कुणी देईना.
तांबं फुटत नाही. ते मोडीत जातं, वजनावर.
मग त्र्यंबकतात्यांनी माळ्यावरून घंगाळ काढलं,
दुरुस्तीला आलेलं,
न्यायला कुणी न आलेलं.
कातरीनं कापलं. बोटाएवढे चौकोन, दोनशे बारा.
चित्रकार देवयानी म्हणाली,
हे खड्डे घासून सपाट करू, उजेड छान खेळेल.
तात्यांना ऐकू येत नाही,
चाळीस वर्षांच्या ठोक्यानं कान नेले.
मी पाटीवर लिहून दाखवलं.
त्यांनी तिचा अंगठा धरला, तुकड्यावर टेकवला.
"हा माझा."
दुसऱ्यावर टेकवला.
"हा काकाचा. काका डावखुरा."
ती बराच वेळ
अंगठा तसाच ठेवून उभी राहिली.
खड्डे राहिले.

उद्घाटनाला फीत, नारळ, कर्णा.
भाषणात 'समृद्ध' सात वेळा, मी मोजलं.
तात्या पाहुण्यांकडे पाठ करून
भिंतीवरून तळवा फिरवत चाललेले,
जसा कुणी झोपलेल्या म्हशीवरून फिरवतो.
एका जागी थांबले. मोठ्यानं म्हणाले,
"हे उलटं लागलंय."
कर्ण्यात ते बुडालं.
खरं होतं. तो तुकडा मी लावला होता.
त्यावर कोरलेली अक्षरं होती, 'सौ. मंजु' एवढीच,
पुढचं नाव कातरीत गेलेलं,
आणि मला वाटलं होतं, नक्षी आहे.

दिवाळीपर्यंत तांबं काळवंडलं,
कडेनं हिरवं झालं.
साहेब म्हणाले, वरून लाखेचा हात मारायला हवा होता,
अंदाजपत्रकात बसला नाही.

परवा पहाटे दूध आणायला निघाले
तर भिंतीशी एक म्हातारी, ओळखीची नव्हे,
वाटीत चिंच, मीठ,
आणि एकच तुकडा घासत होती,
मान वाकडी करून, उलटी अक्षरं वाचत.
मला बघून दचकली.
"घंगाळाचे पैसे द्यायचे राहिले तेव्हा," म्हणाली,
"त्या तांबटाला सांगू नका."

बोलून पुन्हा घासायला लागली.
सांगितलं तरी त्यांना ऐकू जाणार नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.
पाटी घरात आहे. खडूही आहे.