ना धन, ना ऋण

मधासारखं दाट, पाण्यासारखं पारदर्शक.
पिपेटच्या टोकाशी शेवटचा थेंब
हट्टाने बसून राहतो.
"हलवू नको जोरात," मी शमिकाला सांगते,
"फेस येईल, दुपार त्यातच जाईल."

याच्यावर भार नाही. ना धन, ना ऋण.
मचूळ पाण्यातही बिथरत नाही.
पेशीचा तेलकट पडदा तेवढा उकलतं,
आतली प्रथिनं शाबूत.
माझी जाऊ कोयतीने कालव उघडते
आणि मांसाला ओरखडा येत नाही,
तसंच काहीसं.

काल शमिकाने द्रावण गरम पाण्यात ठेवलं, विसरली.
सगळं ताकासारखं पांढरं.
"ताई, नासलं?" रडवेली.
मी चंचुपात्र खिडकीत ठेवलं.
भाट्याकडून वारा येत होता.
निवलं, आणि पुन्हा नितळ.
ती हसली,
आणि उरलेलं घेऊन बेसिनकडे निघाली.

मनगट धरलं मी तिचं, हातमोज्यावरून.

डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाणी,
एवढं भिंतीवर लिहिलंय.
बेसिनचा पाइप कुठे जातो ते लिहिलेलं नाही.
सुकतीला जाऊ तिथेच
गुडघाभर चिखलात तिसऱ्या चाचपते.
त्यांचेही पडदे पातळच की.

लाल झाकणाच्या कॅनवर मी तारीख घातली.
"हा नेणार कोण?"
"गाडी येते. गणपतीनंतर म्हणालेत."
"कुठल्या?"

कपाटाखाली बघ, म्हटलं.
सहा आहेत. हा सातवा.