बिनअक्षराचा काना

खेडच्या सरकारी दवाखान्यात बसवली तेव्हा
सिस्टर म्हणाली होती, दर पाळीनंतर
दोरा चाचपून बघत जा, बाई.
पाच वर्षं बघितला.
व्हिसा लागला, सोहारला आले, तरी बघत राहिले,
दाराची कडी लागली की नाही बघावी तसा.

मग एका महिन्यात बोटाला काहीच लागेना.

"पडली असेल," खालच्या मजल्यावरची शमशाद म्हणाली,
"माझ्या नणंदेची न्हाणीत पडली, तिला कळलंसुद्धा नाही."
मीही धरून चालले, पडली असेल.
पोट उजव्या अंगाला दुखायचं.
बंदरावरच्या पोरांचे रोजचे अकरा डबे,
दुखणं मी कुकरच्या शिट्ट्यांत मोजायची:
डाळीला चार, त्यातली तिसरी वाईट.

सोनोग्राफीत पिशवी रिकामी.
गर्भ नाही, तांबी नाही.
डॉक्टर इल्हाम सुदानच्या, हात थंडगार,
त्यांनी एक्स-रे काढायला लावला
आणि काळ्या फिल्मवर ती दिसली:
पिशवीची भिंत फोडून बाहेर गेलेली,
कमरेच्या हाडाशी, जरा कललेली,
वर आडवी रेघ, खाली उभी.

मला वाटलं, हा तर काना.
शिरोरेघेसकट, नुसता काना,
अक्षर कुठेच नाही.

फॉर्म एका बाजूने अरबी, एका बाजूने इंग्रजी,
खाली नवऱ्याच्या सहीची जागा.
प्रल्हाद प्लांटच्या शटडाउनला, फोन लॉकरमध्ये.
तो येईस्तोवर मी गाउन घालून बसले
एसीखाली, पाय पोटाशी घेऊन.
हे कार्डात बसत नाही, काउंटरवरचा म्हणाला.
चारशे दहा रियाल.
रियालाचे रुपये करत बसायचं नसतं म्हणतात.
मी केले.

या शहरामागच्या डोंगरांत म्हणे
फार जुन्या काळी तांबं काढायचे.
प्रल्हादने एका शुक्रवारी दाखवले होते
मळीचे काळे ढीग. मी म्हटलं होतं,
एवढ्या उन्हात कशाला आणलंत, आहे काय बघण्यासारखं?
गुंगी चढताना तेच ढीग डोळ्यांपुढे,
आणि कुणीतरी दिवा घेऊन
माझ्यात उतरत होतं.

तीन टाके.
लिसी सिस्टरने बाटलीत दाखवली:
आगकाडीपेक्षा आखूड, काळवंडलेली,
दोरा तिच्याच अंगाला गुंडाळलेला.
चिंच लावून घासली तर लखलखेल,
असं काहीतरी मनात आलं
आणि हसताना टाके ओढले.

काल जावेचा फोन. दुसरी झाली तिला.
विचारते, ताई, बसवू का गं?
डाळीची दुसरी शिट्टी झाली होती.
बसव, म्हटलं. हजारात एखादीचं होतं असं,
ती एखादी मी झाले, तुझा नंबर गेला.
पण दोरा हाताला लागला नाही
तर शेजारणीला विचारत बसू नकोस.

तिसरी शिट्टी.
माझा हात आपसूक पोटावर गेला.
काही झालं नाही.
चौथीची वाट बघत
मी डब्यांची झाकणं शोधायला लागले.